रक्त कुणाकडचं

मिऱ्या, रत्नागिरी
१४ जुलै २०२४

दर्शना बाय,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. पोस्टमन दारातून हाका मारत होता म्हणे. मला कुठल्या ऐकू यायला! शेवटी आत येऊन त्याने माझ्या हातात पत्र ठेवलं. उभ्याने एकदा वाचलं, बसून पुन्हा वाचलं आणि मग तुझ्या आईला वाचून दाखवलं. फोनवर अनिलरावांनी तिला एवढंच सांगितलं होतं की स्वरूपचा गुडघा सुजलाय आणि त्याला दवाखान्यात ठेवलंय. आजाराचं नाव तुझ्या पत्रातूनच कळलं.

हिमोफिलिया. जहाजावर असताना एका ग्रीक खलाशाला होता असं आठवतं. दाढी करताना कापलं तरी तो घाबरायचा. आपल्या घरात असं कुणाला झाल्याचं मला माहीत नाही. माझे आजोबा माडावरून पडले, हाड मोडलं, पण रक्त थांबलं. मी इंजिनरूममध्ये तेलवाला म्हणून इतकी वर्षं काढली, बोटं दहादा कापली. थांबायचं आपोआप.

तुझी आई मात्र पत्र ऐकून देवापुढे जाऊन बसली. संध्याकाळी माझ्या उजव्या कानाशी येऊन म्हणाली, "माझ्या माहेरचं हाय ते." तिचा धाकटा भाऊ बाबल्या चार वर्षांचा असताना गेला, हे तुला ठाऊक आहे. त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि ते थांबेना, एवढंच तिला आठवतं. तीही तेव्हा पाच-सहा वर्षांचीच. त्या आठवणीवर आता ती सगळा हिशेब मांडून बसली आहे.

नातवाचा गुडघा कसा आहे ते सविस्तर कळव. माझ्यापासून लपवू नकोस. कान गेले तरी वाचता येतं मला.

तुझा,
बाबा

*

कोल्हापूर
२९ जुलै २०२४

बाबा आणि आई,

गुडघ्याची सूज उतरली. परवा घरी आलो. आता तो भिंत धरून फिरतो आणि मी त्याच्या मागे उशी घेऊन फिरते. अनिल हसतात, पण कारखान्यातून दिवसातून तीनदा फोन करून विचारतातही.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. रक्त गोठायला जे पदार्थ लागतात त्यातला आठव्या नंबरचा एक पदार्थ स्वरूपच्या शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. तो बाहेरून इंजेक्शनने द्यायचा. सरकारी दवाखान्यात ते मिळतं. एकदा टोचलं की काही दिवस बरं असतं, मग पुन्हा. आयुष्यभर. पण शाळा, खेळ, नोकरी, सगळं होतं म्हणाले. तिथे एक कॉलेजात जाणारा मुलगा भेटला, तो स्वतःचं इंजेक्शन स्वतः घेतो. त्याला बघून मला जरा धीर आला.

हा आजार बहुतेक मुलग्यांना होतो आणि आईकडून येतो. आईला स्वतःला फारसा त्रास नसतो. स्वरूपच्या वेळी मला किती रक्त गेलं होतं, आठवतंय ना? तेव्हा कुणाला काही कळलं नाही. आता माझी तपासणी झाली. माझ्यात तो दोष आहे. माझ्यातूनच त्याला गेला.

आता माझ्यात कुठून आला ते बघायचं आहे. त्यासाठी आईचं रक्त हवं. रत्नागिरीत दिलं तरी चालेल, तिथून ते मुंबईच्या प्रयोगशाळेत जाईल. आई, घाबरू नकोस. हे कुणाला दोष द्यायला नाही. मला अजून एक मूल हवं असलं तर पुढचं नीट ठरवता यावं म्हणून आहे.

पालीहून सासूबाईंचा फोन आला होता. आमच्या घरात असलं कधी कुणाला नव्हतं, असं दोनदा म्हणाल्या. अनिलनी विषय बदलला.

आणि बाबा, डॉक्टरांनी तुमचं जन्मसाल विचारलं आहे. सगळ्यांचंच विचारतात. कळवा.

दर्शना

*

मिऱ्या
२२ ऑगस्ट २०२४

दर्शना बाय,

आईचं रक्त देऊन आलो. सुई टोचताना तिने हू की चू केलं नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "आता कागदावर येल." मी म्हटलं, येऊ दे की, काय ते एकदाचं कळू दे. तेव्हापासून सोमवार, गुरुवार, शनिवार, सगळेच उपास धरलेत तिने. मी ओरडतो, ती ऐकत नाही. आमच्या घरात बहिरा मी एकटा नाही.

एक वाईट बातमी आहे. तुझ्या शमिकाचं लग्न थांबलं. नवरा मुलगा ओमकार तुझ्या सासूबाईंचा भाचा, त्यामुळे स्वरूपचं दुखणं पालीत कळायला वेळ लागला नाही. शमिका तुझ्या मावशीची मुलगी, म्हणजे आईच्याच माहेरचं रक्त. उद्या तिच्या पोटी असंच पोर आलं तर, असं त्यांच्या मनात आलं. सरळ नाही म्हटलेलं नाही. दिवाळीनंतर बघू म्हणालेत. मावशी फोनवर आईशी बोलली. चार शब्द बोलली आणि ठेवला. काय बोलली असेल ते आईच्या तोंडावरून मी ओळखलं.

माझं जन्मसाल १९४३, शाळेत लावलेलं तेच. तू झालीस तेव्हा मी एक्कावन्न वर्षांचा होतो. आधी बहिणींची लग्नं, मग घर, त्यामुळे माझंच लग्न चव्वेचाळिसाव्या वर्षी झालं, आणि त्यानंतरही तू वाट बघायला लावलीस. जहाज तेव्हा मोम्बासाला होतं. रेडिओवाल्याने जेवताना बातमी सांगितली तेव्हा सगळ्या इंजिनरूमने माझी टिंगल केली, म्हाताऱ्याला पोर झालं म्हणून. मी त्या सगळ्यांना चहा पाजला.

गणपतीला या. पोराला प्रवास झेपणार असेल तरच.

बाबा

*

कोल्हापूर
२० ऑक्टोबर २०२४

बाबा,

हे पत्र आईला वाचून दाखवा, सगळं.

गणपतीत मी काही बोलले नाही, कारण घरात माणसं होती. पण मी बघत होते. स्वरूप हात वर करून आईकडे गेला की आई स्वयंपाकघरात काहीतरी आठवल्यासारखं करून उठायची. एकदा तो तिच्या साडीला धरून उभा राहिला, तर तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. ज्या बाईने गल्लीतली निम्मी पोरं अंगाखांद्यावर खेळवली तिने. आई, मला फार लागलं ते. तुझा राग नाही आला. तू स्वतःला काय समजून बसली आहेस ते कळलं, म्हणून लागलं.

तर आता ऐक. तपासणीचा निकाल आला. तुझ्यात काही नाही. अजिबात नाही. डॉक्टरांनी दोनदा बघून सांगितलं. तुझ्या माहेरचा ह्या आजाराशी संबंध नाही. मावशीला लगेच सांग. शमिकाला काही धोका नाही, तिला तपासणीचीसुद्धा गरज नाही.

असं कधी कधी होतं म्हणे. घराण्यात कुणालाच नसतं आणि नव्यानेच सुरू होतं. तीनातल्या एखाद्या घरी तरी असंच असतं. आपल्याकडे ते माझ्यापासून सुरू झालं, असं समजा.

अनिलनी पालीला फोन केला. सासूबाई म्हणाल्या, डॉक्टर काय, आईचं मन राखायला सांगतात.  अनिल चिडले, पण फोनवर चिडून काय होणार?

स्वरूप आता "आजी" म्हणतो. अजून "आबा" येत नाही.

दर्शना

*

मिऱ्या
३ नोव्हेंबर २०२४

दर्शना बाय,

पत्र वाचून दाखवलं. आईने ऐकलं आणि विचारलं, "मग बाबल्याचं काय?"  म्हणून दिवाळीच्या आधी मी तिला घेऊन निघालो. जयगडहून फेरीबोटीने तवसाळला उतरलो आणि तिथून गुहागर. तिच्या माहेरी आता तिच्या बापाची बहीण, चिमाआत्या, तेवढी उरली आहे. नव्वदीला टेकली, पण डोकं शाबूत आहे. आईने तिला विचारलं आणि मला ऐकू येत नाही म्हणून एकेक वाक्य माझ्या कानात सांगत गेली.

आत्या म्हणाली, बाबल्या वर कातळाच्या सड्यावर गुरांमागे गेला होता. घरी आला तो पाय सुजवून. काटा लागला असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, लघवीतूनही गेलं, तेव्हा जाणत्या माणसाने पाय बघितला. दोन दातांच्या खुणा दिसल्या. फुरसं चावलं होतं. फुरशाच्या विषाने रक्त पातळ होतं, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तुझ्या आजीने पोरींना कधी सांगितलं नाही, त्या सड्यावर जायला घाबरतील म्हणून. पोरींनीच गुरं राखायची होती ना.

शेवटचं वाक्य आईने तेव्हा सांगितलं नाही, वाटेत सांगितलं. ती तिथेच आत्याच्या पायाशी बसून रडली. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. परत येताना बोटीत ती म्हणाली, "मी इतकी वर्षं त्याच्या पायाकडे बघितलंच नाय." घरी आल्यावर उपास सोडला. हे एक चांगलं झालं.

पण आता माझं म्हणणं ऐक. तू लिहिलंस, तुझ्यापासून सुरू झालं. मग डॉक्टरला माझं साल कशाला हवं होतं? आईचं रक्त मागितलं, माझं नाही. माझं फक्त वय मागितलं. इंजिनरूममध्ये मी एक गोष्ट शिकलो. वरचा अधिकारी एखाद्या वॉल्वबद्दल विचारतो तेव्हा तो उगाच विचारत नाही, त्याला तिथे काहीतरी दिसलेलं असतं.

मी तुझ्याकडून कधी काही मागितलेलं नाही. हे मागतो. काय ते सरळ लिही.

बाबा

*

कोल्हापूर
१३ नोव्हेंबर २०२४

बाबा,

तीन वेळा लिहिलं आणि फाडलं. अनिल म्हणाले, त्यांनी विचारलंय, तर त्यांना सांगायला हवं. म्हणून सांगते.

मुलीला दोन धागे मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. हा आजार ज्याच्यावर असतो तो धागा. माझ्यातला दोष कुठल्या धाग्यावर आहे हे त्यांनी स्वरूपचं, माझं आणि आईचं रक्त ताडून बघितलं. आईकडून आलेला धागा चांगला आहे. दोष तुमच्याकडून आलेल्या धाग्यावर आहे.

पण तुमच्यात तो नाही, बाबा. तुमचं रक्त थांबतं, तुम्हीच लिहिलंत. चूक तुमच्या अंगात नव्हती, ज्या एका बीजातून मी झाले त्यात झाली. डॉक्टर म्हणाले, बाईची बीजं ती जन्मायच्या आधीच तयार झालेली असतात. पुरुषाची रोज नवी तयार होतात. प्रत्येक वेळी आधीच्याची नक्कल उतरवली जाते. तरुणपणापासून नकला चाललेल्या असतात, वय वाढतं तशा त्या वाढत जातात आणि एखाद्या नकलेत एखादं अक्षर चुकायची शक्यता वाढते. माझ्यात एकच अक्षर चुकलंय. लाखो-करोडोंमधलं एक.

म्हणून त्यांनी वय विचारलं. पण त्यांनी हेही सांगितलं की वयामुळेच झालं असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पंचविशीतल्या बापाच्या बाबतीतही असं होतं. आणि पन्नाशीत बाप झालेल्या बहुतेकांची मुलं, नातवंडं धडधाकट असतात. ह्यात तुम्ही काही केलंत म्हणून झालं असं नाही, किंवा काही केलं असतंत तर टळलं असतं असंही नाही.

मी लपवलं, कारण तुम्ही गणपतीत स्वरूपला मांडीवर घेऊन बसायचात तेव्हाचं तुमचं तोंड मला आठवत होतं. आईने हात मागे घेतले. तुम्हीही घेतलेत तर, ही भीती होती.

बाबा, घेऊ नका.

दर्शना

*

मिऱ्या
१९ डिसेंबर २०२४

चिरंजीव दर्शना,

हे पत्र आई लिहिते. माझं अक्षर बघून हसू नको. चौथीनंतर मी कुणाला पत्र लिहिलं नाय, तुझे बाबाच लिहायचे. आता ते म्हणतात, तू लिही, मला आपलंच कौतुक केल्यासारखं होईल. एक महिना तुला उत्तर आलं नाय म्हणून तू घाबरून चार वेळा फोन केलास. मी फोनवर सगळं बरं हाय म्हटलं. सगळं बरं नव्हतं, पण आता हाय. म्हणून सगळं लिहिते.

तुझं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं नाय. घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं. जेवायला बोलावलं की यायचे, अर्धं जेवून उठायचे. बंधाऱ्यावर जाऊन बसायचे. मला वाटलं तब्येत बिघडली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी तिथे गेले आणि शेजारी बसले, तेव्हा त्यांनी पत्र काढून माझ्या हातात दिलं. मला वाचायला वेळ लागतो. ते थांबले. मग म्हणाले, "कमळे, आपण घाई करायला हवी होती काय?"

मी त्यांच्या कानात ओरडले, "तुम्ही होतात कुठे घाई करायला? मोम्बासाला?" तर हसले. बाय, इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. मग मला रडू आलं आणि ते माझा हात धरून बसून राहिले. माणसं बघत होती. बघू दे म्हटलं.

मी त्यांना सांगितलं, तुम्ही तरुणपणी आला असतात तर दुसरं कुणी पोर झालं असतं. दर्शना नसती झाली, स्वरूपही नसता झाला. मला दुसरं नको. त्या रात्री ते पोटभर जेवले.

मग त्यांच्या डोक्यात पालीचं आलं. म्हणाले, शमिकाचं लग्न अडलंय ते मोकळं करायला हवं. मी म्हटलं, दर्शनाने फोनवरून सांगितलंय, अनिलरावांनी सांगितलंय. तर म्हणाले, त्यांनी सांगून उपयोग नाय, ज्याचं आहे त्याने सांगायला हवं. पांढरा शर्ट घातला आणि मला बरोबर घेतलं. एस.टी.ने पालीला गेलो.

तुझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, चांगलं बसवलं. विहीणबाई होत्या. त्यांनी ओमकारच्या आईलाही बोलावून घेतलं, ती दोन घरं पलीकडेच राहते. पाणी झालं. मग हे बोलायला लागले. बहिऱ्या माणसाचा आवाज किती मोठा ते तुला माहीत हाय. बाजाराचा दिवस, रस्त्यावर माणसं उभी राहिली.

म्हणाले, "स्वरूपच्या रक्तात जे आहे ते कमळेच्या माहेरचं नाय. ते माझ्याकडून गेलंय. मी उतारवयात बाप झालो, तेव्हा बीजात चूक राहिली. डॉक्टरने रक्त ताडून बघितलंय. शमिकाचा आणि त्याचा काडीचा संबंध नाय. कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा."

 मग विहीणबाई हळूच म्हणाल्या, "तुम्ही ह्या वयात उगाच अंगावर कशाला घेता?" ह्यांना ऐकू आलं नाय. मी कानाशी जाऊन सांगितलं. तेव्हा ते अगदी शांतपणे म्हणाले, "अंगावर घेत नाय. आहे ते सांगतो."

आप्पा उठले आणि ह्यांच्या शेजारी येऊन बसले.  ओमकारची आई माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता ही काही विचारेल. तिच्या कानावर बाबल्याचं गेलं होतं, तेच तिने विचारलं. मी फुरशाचं सांगितलं. ती म्हणाली, माझा चुलतभाऊ पण तसाच गेला होता, चावलेलं लवकर कळलंच नाय. मग आम्ही बायका तेच बोलत बसलो. विहीणबाईंनी चहा आणला, पहिला कप मला दिला. माफी वगैरे कुणी मागितली नाय. मला नकोच होती.

एस.टी.साठी उभे होतो तिथे ओमकार मोटारसायकलवरून आला. मला म्हणाला, मावशी, मी थांबा म्हटलं नव्हतं, घरच्यांनी म्हटलं. मी म्हटलं, मग ते शमिकाला सांग, मला काय सांगतोस. लाजला. पण त्याने सांगितलं असणार, कारण परवा तुझ्या मावशीचा फोन आला. माघात लग्न धरलंय. ह्या वेळी तिने बराच वेळ फोन ठेवला नाय.

गाडीत बसल्यावर ह्यांनी मला विचारलं, "नीट सांगितलं ना मी?" मी मान हलवली. खिडकीतून बघत बसले. घाट उतरेपर्यंत त्यांना झोप लागली होती.

आता तुला सांगायचं ते सांगते. गणपतीत मी जे केलं ते तुला लागलं, तू लिहिलंस. मला वाटायचं, माझ्या हातातूनच ते पोराला जातं की काय. अडाणीपणा म्हण. आता तसलं काही नाय. लग्नाला तुम्ही आठ दिवस आधी या. पोराला इथे पळू दे, वाळू मऊ हाय. इंजेक्शन कसं टोचायचं ते तू मला शिकव. दवाखान्यातल्या नर्सने तुला शिकवलं, तू मला. माझा हात थरथरत नाय, मी मासे साफ करते रोज. आणि दुसऱ्या पोराचं मनात असेल तर डॉक्टरांना विचार, पालीला विचारू नको.

ह्यांनी काल औषधाच्या दुकानात जाऊन विचारून घेतलं की ते इंजेक्शन कुठे ठेवायचं. बर्फात ठेवायचं नाय, पण थंड हवं, असं दुकानवाल्याने कागदावर लिहून दिलं. घरी आले आणि फ्रीजमधली सगळी मासळी बाहेर काढली. बांगडे शेजारी वाटले. वरचा कप्पा साबणाने धुतला, पुसला, वास घेतला, परत धुतला. तो आता रिकामा हाय. त्यात मी लिंबूसुद्धा ठेवायचं नाय, असं मला बजावलंय.

तुझी,
आई